जीपगाडीचे चाकतुंबे व त्यांची गळती

चाकाच्या मध्यभागी असलेल्या, आसाभोवती फिरणाऱ्या आणि चाकाचा सर्व भार पेलणाऱ्या भागास तुंबा म्हणतात. बैलगाडीच्या चाकात आरे ज्यात ठोकून बसवितात तो लाकडी तुंबा आणि मोटारगाडीत ज्यास हब म्हणतात तो पोलादी भाग, ही एकाच अवयवाची दोन रूपे होत. तुंब्यात वंगण नसेल, तर घर्षणाने आस व तुंबा दोन्ही झिजतात. म्हणून वंगण आत टिकवून धरणे आणि धूळ, चिखल व पाणी बाहेर रोखणे ही तुंब्याच्या रचनेतील कायमची दुहेरी अडचण आहे. साध्या मोटारगाडीत ती बऱ्याच अंशी सुटली आहे. चारही चाकांना एंजिनाची शक्ती पुरविणाऱ्या जुन्या जीपगाडीत मात्र पुढील तुंब्यालगतच तेल किंवा वंगण भरलेली एक फिरती गोलाकार पेटी असल्याने तेथील गळती ही नेहमीची तक्रार ठरली. या गळतीचा इतिहास म्हणजे चाक एकाच वेळी वळविणे, फिरविणे आणि चिखलापासून वाचविणे या तीन गरजांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : बैलगाडीच्या आसास मधूनमधून वंगण द्यावे लागे व त्यासाठी वंगणाचे नळकांडे गाडीलाच टांगलेले असे. तुंब्यातून वंगण गळणे हा तेथे दोष मानला जात नसे. गळेल तितके पुन्हा घालावयाचे, अशीच पद्धत होती. वेग कमी असल्यामुळे त्यात फारसे बिघडतही नसे. मोटारगाडीत चाकांचा वेग वाढला आणि तुंब्यातील साध्या नळीच्या जागी रुळांचे धारवे, म्हणजे बेअरिंगे, आली. अमेरिकेतील हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये शंकूच्या आकाराच्या रुळांच्या धारव्याचे एकस्व घेतले. हा धारवा चाकावरील उभा भार आणि वळणावर बाजूने येणारा रेटा हे दोन्ही पेलतो. एका तुंब्यात असे दोन धारवे परस्परांकडे तोंड करून बसविण्याची पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. परंतु अशा धारव्याचे आयुष्य त्याच्या स्वच्छ वंगणावर अवलंबून असते. वाळूचे थोडे कण किंवा खाऱ्या पाण्याचे थोडे थेंब आत गेले, तरी रूळ व त्यांची धाव यांवर खड्डे पडू लागतात. त्यामुळे तुंब्याचे तोंड बंद करणाऱ्या तेलरोधक कडीला, म्हणजे ऑइल सीलला, महत्त्व प्राप्त झाले.

पुढील चाकाचा प्रश्न : मागील चाकांना शक्ती देणे तुलनेने सोपे असते, कारण ती वळत नाहीत. पुढील चाके मात्र सुकाणूबरोबर डावीउजवीकडे वळतात. त्यांना शक्ती पोहोचवावयाची, तर आसदंडाच्या टोकाशी कोणत्याही दिशेस वाकणारा सांधा हवा. साधा सार्वदिशिक सांधा, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, कोनात वाकलेला असताना एकसारख्या गतीने फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात त्याची गती दोनदा वाढते व दोनदा कमी होते, आणि सुकाणूला झटके बसतात. शिवाय हा सांधा चाकाच्या अगदी जवळ, जमिनीपासून थोड्याच उंचीवर असल्याने तो चिखलात बरबटतो.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील क्लिंटनव्हिल येथील ऑटो झॅकाऊ व विल्यम बेसरडिक या यंत्रकारागिरांनी या प्रश्नावर तोडगा काढला. १९०८ मध्ये एकस्व मिळालेल्या त्यांच्या रचनेत आसनळीच्या टोकाशी एक पोकळ गोल आणि त्यावर सरकणारी वाटी योजून सांधा त्यांच्या आत बंद केलेला होता. खांद्याच्या सांध्यात जसे हाडाचे गोल टोक खोबणीत फिरते, तशीच ही योजना होती. यानंतर सांध्याची गती एकसारखी करण्याकडे लक्ष वळले. फ्रान्समध्ये झां-आल्बेर ग्रेग्वार व प्येर फनाय यांचा ट्रॅक्टा सांधा १९२६ च्या सुमारास पुढे आला. त्याच दशकात अमेरिकेत कार्ल वाइस व आल्फ्रेड झेपा यांचे सांधे आले. या तिन्ही समवेगी सांध्यांत घासणारे किंवा गडगडणारे भाग असल्यामुळे त्यांना भरपूर वंगण लागते. परिणामी बंद गोल ही केवळ सोय राहिली नाही. ती वंगणाची टाकी बनली. जीपच्या गळतीचे मूळ येथे आहे. टाकीच्या भिंतीचा एक भाग सतत हलता असेल, तर त्या फटीतून वंगण निसटू पाहणार हे ओघानेच येते.

जीपची निर्मिती : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी वाहनासाठी जुलै १९४० मध्ये १३५ कारखानदारांकडून प्रस्ताव मागविले. पहिला नमुना सादर करण्यास अवघ्या ४९ दिवसांची मुदत होती. पेनसिल्व्हेनियातील बँटम कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट यांच्या आराखड्यानुसार बनविलेली गाडी २३ सप्टेंबर १९४० रोजी चाचणीसाठी पोहोचविली. इतक्या थोड्या अवधीत नवा आस घडविणे शक्य नव्हते. म्हणून स्पायसर कंपनीने स्टुडबेकर चँपियन या साध्या प्रवासी मोटारीच्या आसात फेरफार करून तो पुरविला. सैन्याने सुरुवातीस गाडीच्या वजनाची मर्यादा १,३०० पौंड, म्हणजे सु. ५९० किग्रॅ., घातली होती. ती कोणासही पाळता आली नाही. १९४१ मध्ये प्रमाणभूत ठरलेल्या विलीझ एमबी या प्रतिमानाचे वजन सु. १,१०० किग्रॅ. होते आणि एंजिन ६० अश्वशक्तीचे होते. विलीझ व फोर्ड या दोन कारखान्यांनी युद्ध संपेपर्यंत सु. ६.४ लाख जीपगाड्या बनविल्या.

या गाड्यांच्या पुढील आसात कारखान्यानुसार बेंडिक्स-वाइस, झेपा किंवा ट्रॅक्टा सांधे बसविलेले असत; बाहेरील गोलाची रचना मात्र सर्वत्र सारखीच होती. लष्कराला सहा दशके चालणारी गाडी नको होती. युद्धात ती टिकावी आणि कोणत्याही सैनिकाला पुस्तिका पाहून दुरुस्त करता यावी, एवढीच अपेक्षा होती. अमेरिकी युद्ध खात्याने १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टीएम ९-८०३ या पुस्तिकेत या गाडीचा वापर व देखभाल यांचे पद्धतशीर वर्णन आहे. ठरावीक काळाने तुंबे उघडून धुणे आणि रोधक बदलणे हे त्या व्यवस्थेत नित्याचे काम होते. मुलकी वापरात ही शिस्त सुटली आणि जी गोष्ट नेमाने बदलावयाची, ती गळू लागेपर्यंत तशीच ठेवण्याची रीत पडली.

रचना : जीपच्या पुढील आसनळीच्या दोन्ही टोकांस पोकळ गोल असतो. त्यावर वरखाली दोन खुंट्यांवर फिरणारी पेटी असते. तिला कारागीर नकल म्हणतात. खुंट्यांचे धारवे पातळ पत्र्यांच्या चकत्या, म्हणजे शिमा, घालून घट्ट-सैल करता येतात. नकलेच्या बाहेरील बाजूस एक पोकळ दांडी स्क्रूंनी जखडलेली असून तिच्यावर दोन शंकुरूळ धारव्यांच्या आधारे तुंबा फिरतो. आसदंड या पोकळ दांडीतून आरपार जातो व टोकाच्या चकतीमार्फत तुंब्यास फिरवितो. गाडीचा भार दांडीवर असतो आणि आसदंड फक्त फिरविण्याचे काम करतो. म्हणून या रचनेस पूर्ण तरता आस म्हणतात.

या मांडणीत वंगणाचे तीन कप्पे एकमेकांस लागून येतात. मधल्या डिफरन्शियलमध्ये दंतचक्रांचे पातळ तेल असते, नकलेच्या गोलात सांध्यासाठी दाट वंगण असते आणि तुंब्यात धारव्यांसाठी ग्रीझ असते. पहिल्या दोन कप्प्यांमध्ये आसनळीच्या तोंडाशी एक रोधक कडी असते. दुसऱ्या व तिसऱ्या कप्प्यांमध्ये पोकळ दांडीतील पितळी धातूची नळी एवढाच अडसर असतो. तुंब्याच्या आतील तोंडाशी आणखी एक रोधक असून त्याच्या पलीकडे लगेच ब्रेकचे पट्टे असतात. गोल व नकल यांमधील फट दोन अर्धवर्तुळाकार नमद्याच्या पट्ट्यांनी झाकलेली असते. त्या पट्ट्या धातूच्या कड्यांनी व आठ बोल्टांनी आवळतात. वळणाबरोबर हा नमदा गोलाचा पृष्ठभाग पुसून काढतो.

मागील चाकांची रचना निराळी आहे. युद्धकालीन गाडीत मागेही पूर्ण तरता आस होता. नंतरच्या सीजे-३ए, सीजे-३बी इ. मुलकी प्रतिमानांत आसदंडाच्या निमुळत्या टोकावर चावी व नट यांच्या साहाय्याने तुंबा घट्ट बसविलेला असतो. तेथे धारवा आसनळीच्या टोकात असतो आणि त्याचा रोधक निकामी झाला, की डिफरन्शियलचे तेल थेट ब्रेकड्रममध्ये उतरते.

रोधकांचा विकास : प्रारंभी रोधक म्हणून चामड्याच्या वाट्या व नमद्याचे वेढे वापरीत. या क्षेत्रातील एक प्रसिद्ध अमेरिकी कंपनी १८७८ मध्ये स्थापन झाली. तिचे शिकागो रॉहाइड हे नावच कच्च्या कातड्यावरून पडलेले आहे. चामडे तेल शोषून मऊ राहते व थोडा खडबडीत दंडही सहन करते. परंतु वाळले की आक्रसते आणि जास्त उष्णतेने कडक होते. नमदा धूळ चांगली अडवितो. पातळ तेल मात्र अडवू शकत नाही, कारण त्याच्या तंतूंमधून ते पाझरते. ऑस्ट्रियन अभियंता वाल्टर झिमर यांनी १९२९ च्या सुमारास धातूच्या कवचात बसविलेला, स्प्रिंगने आवळलेल्या ओठाचा रोधक तयार केला. जर्मनीतील फ्रॉयडेनबेर्ख या चामड्याच्या कारखान्याने त्याचे उत्पादन केले. १९३० नंतर नायट्राइल हे तेलात न फुगणारे कृत्रिम रबर उपलब्ध झाले आणि चामड्याच्या ओठाची जागा हळूहळू रबराने घेतली.

ओठाचा रोधक दंडावर घट्ट दाबून बसतो, असे वाटते. प्रत्यक्षात ओठ व दंड यांमध्ये तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा असतो आणि ओठ त्यावर सरकतो. हा पापुद्रा नाहीसा झाला, तर ओठ जळतो. जाड झाला, तर तेल गळते. म्हणून दंडाचा पृष्ठभाग गुळगुळीत असणे आणि दंड डगमगत नसणे या दोन अटी रोधकाच्या दर्जाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. नवा रोधक घालूनही गळती का थांबत नाही, याचे उत्तर बहुधा या दोन अटींतच मिळते.

भारतातील जीप : महायुद्धानंतर सैन्याने मागे ठेवलेल्या जीपगाड्या भारतात मुलकी वापरात आल्या. मुंबईत २ ऑक्टोबर १९४५ रोजी महिंद्र अँड महंमद ही कंपनी स्थापन झाली. १९४८ मध्ये तिचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. या कंपनीने १९४७ मध्ये विलीझ जीपचे सुटे भाग आयात केले, १९४९ मध्ये माझगाव येथे त्यांची जुळणी सुरू केली आणि १९५४ पासून विलीझच्या सहकार्याने टप्प्याटप्प्याने देशी उत्पादन हाती घेतले. पुढे कांदिवली हे उत्पादनाचे केंद्र बनले. उंच बॉनेटचे सीजे-३बी हे प्रतिमान अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाले; भारतात मात्र त्याच्या बांध्यावर आधारलेल्या गाड्या त्यानंतरही काही दशके तयार होत राहिल्या. त्यामुळे १९४० मध्ये घाईने निवडलेल्या आसाची मूळ कल्पना येथे अमेरिकेपेक्षा अधिक काळ टिकून राहिली.

जीपला ग्रामीण जीवनात स्थान मिळाले ते शासकीय कार्यामुळे. समाजविकास कार्यक्रमाचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांनी झाला आणि विकास गटाच्या अधिकाऱ्याची जीप ही खेडोपाडी शासनाची खूण बनली. हिवताप नियंत्रण, कुटुंबनियोजन, वनखाते, पाटबंधारे व पोलीस या शाखांतही ती वापरात आली. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्यावर हा वापर वाढला. तेव्हाच्या कच्च्या रस्त्यांवर पावसाळ्यात दुसरे वाहन जाऊ शकत नसे. अशा प्रसंगी गाडीचा ब्रेक लागतो की नाही, हा प्रश्न आत बसलेल्या डॉक्टर-परिचारिकांच्या आणि समोरून येणाऱ्या पादचाऱ्यांच्या जीविताशी निगडित असे.

माहीम व पालघरचा परिसर : तुंब्यांच्या गळतीस पोषक अशी परिस्थिती उत्तर कोकणच्या किनारपट्टीवर विशेष आढळते. पालघर रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस समुद्रकाठी वसलेले माहीम हे जुने गाव आहे. ब्रिटिश अमदानीत ठाणे जिल्ह्यातील या तालुक्याचे नावही माहीम असेच होते. पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. माहीम व लगतचे केळवे येथे पानवेल, केळी, नारळ यांच्या वाड्या आहेत. वाड्यांपलीकडे पुळण व समुद्र, खाड्यांच्या काठी भरतीचे पाणी चढणारी खाजणे आणि आतल्या अंगाला भातखाचरे आहेत. पावसाळ्यात येथे २०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस मनोर, विक्रमगड यांवरून जव्हारकडे जाताना रस्ता सु. ४५० मी. उंचीपर्यंत चढतो.

थोड्या अंतरात येणाऱ्या या वेगवेगळ्या जमिनी तुंब्यावर वेगवेगळे परिणाम करतात. पुळणीची बारीक वाळू नमद्यात रुतून बसते आणि गोलाचा पृष्ठभाग कानसेप्रमाणे घासते. खाजणातील खारा चिखल गोलावर वाळला, की तेथे गंज चढतो. गंजाचे खड्डे पुढे नव्या नमद्यासही फाडतात. घाट चढून-उतरून तापलेली गाडी ओढ्यात शिरली, तर तुंबा व आसनळी एकाएकी थंड होतात, आतील हवा आकुंचन पावते आणि रोधकाच्या ओठाखालून पाणी आत ओढले जाते. या शोषणामुळे, बाहेर एक थेंबही न गळणाऱ्या तुंब्यात पाणी साचलेले असू शकते. तेल दुधासारखे पांढरट दिसले, तर तो त्याचा पुरावा समजावा. म्हणून किनाऱ्यावरील गाडीत गळती ही फक्त तेल बाहेर येण्याची बाब नसून खारे पाणी आत जाण्याचीही बाब आहे आणि दुसरी बाब अधिक नुकसानकारक आहे. बोईसर-तारापूर भागात अणुऊर्जा केंद्र (१९६९) व औद्योगिक वसाहत उभी राहिल्यानंतर या पट्ट्यातील रहदारीचे स्वरूप पालटले. तथापि खाड्या, खाजणे व पाऊस यांत बदल झालेला नाही.

गळतीचे निदान : चाकापाशी तेलाचा डाग दिसला, की रोधक बदलण्याकडे प्रवृत्ती होते. परंतु चाकापाशी चार निरनिराळे द्रव येऊ शकतात व प्रत्येकाचा उगम वेगळा असतो. दंतचक्रांचे तेल पातळसर, गडद व गंधकासारख्या उग्र वासाचे असते. ग्रीझ दाट असते व उष्णतेने पातळ होऊन आऱ्यांसारख्या रेघांनी बाहेर फेकले जाते. ब्रेकचे द्रव पाण्यासारखे पातळ असून ते रंग उखडून टाकते. ते दिसल्यास दोष तुंब्याचा नसून चाकातील ब्रेक सिलिंडरचा असतो. चौथा द्रव म्हणजे आत साचलेले पाणी होय.

डाग कोठे आहे यावरूनही बोध होतो. टायरच्या आतील बाजूस, नकलेच्या तळाशी ओघळ असेल व डिफरन्शियलमधील तेलाची पातळी उतरलेली असेल, तर आसनळीतील आतील रोधक निकामी झाला आहे असे समजावे. त्यातून आलेले पातळ तेल गोलातील दाट वंगणात मिसळून ते पातळ करते व नमदा ते अडवू शकत नाही. अशा वेळी दोष नमद्याचा दिसतो, पण तो केवळ शेवटचा दुवा असतो. ब्रेकड्रम आतून ओला असेल, तर तुंब्याचा रोधक किंवा मागील चाकाच्या बाबतीत आसदंडाचा रोधक तपासावा. बाहेरील चकतीच्या कडेने तेल येत असेल, तर कागदी गॅस्केट फाटलेले किंवा बोल्ट सैल झालेले असतात.

रोधकास हात लावण्यापूर्वी आसनळीवरील ब्रीदर, म्हणजे हवा येण्याजाण्याची लहान तोटी, पाहणे अगत्याचे असते. ती चिखलाने बुजली असेल, तर गाडी तापल्यावर आतील हवेचा दाब वाढतो आणि नवा रोधकही तेल बाहेर सोडतो. ही तोटी साफ करण्यास काही मिनिटे पुरतात. तेल प्रमाणाबाहेर भरणे हेही गळतीचे एक वारंवार आढळणारे कारण आहे. डिफरन्शियलमध्ये भरावयाच्या छिद्राच्या काठापर्यंतच तेल असावे.

यानंतर चाक उचलून वरखाली हलवून पाहतात. ढिलाई जाणवली, तर दुसऱ्या व्यक्तीस ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. ब्रेक दाबताच ढिलाई नाहीशी झाली, तर ती तुंब्याच्या धारव्यांत आहे; कायम राहिली, तर नकलेच्या खुंट्यांत आहे. धारवा सैल असेल तोवर कोणताही रोधक टिकत नाही, कारण डगमगणाऱ्या तुंब्याबरोबर रोधकाचा ओठ एका बाजूस उचलला जातो.

दुरुस्ती : काम सुरू करण्यापूर्वी गाडी सपाट जागी घेऊन, उरलेल्या चाकांना उटी लावून, आस भक्कम घोडीवर टेकवितात, केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणे धोक्याचे आहे. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात, हे माहीत नसलेला कारागीर जोर लावून खुंट्या मोडतो. बाहेरील चकती काढल्यावर कुलूपनट, वाकविलेली पत्र्याची चकती व आतील नट काढून तुंबा धारव्यांसह बाहेर घेतात. ब्रेकड्रममधील धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या पट्ट्यांत ॲस्बेस्टस असते व त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. ती ओल्या कापडाने टिपून काढावी.

धारवे धुऊन वाळवून उजेडात पाहावेत. रुळांवर खड्डे किंवा निळसर डाग असतील, तर रूळ व बाहेरील कडी ही जोडीनेच बदलावी लागते. दांडीचा ज्या जागी रोधकाशी संबंध येतो तेथे नखाला लागेल अशी खाच पडलेली असल्यास नवा रोधक निष्फळ ठरतो. अशा वेळी पातळ पोलादी बाही चढविणे, किंवा ओठ न झिजलेल्या जागी येईल अशा बेताने रोधक थोडा पुढेमागे बसविणे, हे उपाय आहेत. नव्या रोधकाचा ओठ वंगणाच्या बाजूस असावा, त्यास अगोदर तेल लावावे व तो कडीच्या सर्व परिघावर सारखा दाब देऊन सरळ बसवावा. हातोडीने एका बाजूस ठोकलेला रोधक तिरपा बसतो व थोड्याच दिवसांत गळू लागतो. चामड्याचा रोधक असेल, तर तो आधी तेलात भिजत ठेवतात.

धारव्यांत ग्रीझ रुळांच्या मधल्या जागेत दाबून भरतात. तुंब्याची पोकळी मात्र गच्च भरत नाहीत, कारण जादा ग्रीझ तापून रोधकावर दाब आणते. पुढील तुंबा बसविल्यावर चाक फिरवीत आतील नट चाक अडेपर्यंत आवळावा व नंतर सु. एक षष्ठांश फेरा मागे घ्यावा, असा मूळ पुस्तिकांतील संकेत आहे. चाक सहज फिरले पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. थोडे अंतर गाडी चालविल्यावर तुंब्यास हात लावून पाहावा. एकच तुंबा इतरांपेक्षा जास्त तापला असेल, तर धारवा अधिक आवळला गेला आहे किंवा ब्रेक घासत आहे.

आतील रोधक बदलण्यासाठी दांडी व आसदंडही बाहेर काढावे लागतात. हे काम लांबणीवर टाकून नुसता नमदा बदलण्याची किंवा गोलात अधिकाधिक दाट ग्रीझ भरण्याची प्रवृत्ती आढळते. त्याने डाग काही काळ दिसेनासा होतो, पण डिफरन्शियलमधील तेल गोलात उतरणे चालूच राहते आणि तेथील दंतचक्रे कोरडी पडतात. गोलावरील गंज बारीक पॉलिश कागदाने काढून खड्डे फार असल्यास ते भरून व घासून पृष्ठभाग एकसारखा करतात. नमद्याच्या पट्ट्या तेलात भिजवून, बोल्ट समोरासमोर थोडेथोडे आवळून बसवितात. गाडी उभी करताना पुढील चाके सरळ ठेवावीत. वळलेल्या स्थितीत गोलाचा वंगण लागलेला भाग उघडा पडून गंजतो. मागील निमुळत्या टोकावरील तुंबा पुलर या साधनानेच ओढून काढावा. घणाचे घाव घातल्यास आसदंड व धारवे यांस इजा होते.

ब्रेकच्या पट्ट्यांना तेल लागले असल्यास ते पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरणे योग्य नव्हे. पट्ट्यांच्या आत मुरलेले तेल तापल्यावर पुन्हा वर येते. एका चाकाचा ब्रेक तेलकट व दुसऱ्याचा कोरडा असेल, तर ब्रेक दाबताच गाडी कोरड्या चाकाच्या बाजूस ओढली जाते. अरुंद रस्त्यावर किंवा घाटाच्या वळणावर हे ओढले जाणे प्राणघातक ठरू शकते. म्हणून पट्टे नेहमी एका आसाच्या दोन्ही चाकांचे मिळून बदलतात. गळणाऱ्या तुंब्याचे खरे गांभीर्य जमिनीवर पडणाऱ्या डागात नसून या ब्रेकमध्ये आहे.

उत्तरकाल : चारचाकी शक्ती नेहमी लागत नसल्याने पुढील तुंबे आसदंडापासून सोडविता येतील अशी कुलपे आर्थर वॉर्न यांनी १९४८ पासून जीपसाठी बनविली. त्यांमुळे पक्क्या रस्त्यावर आतील सांधे फिरत नाहीत व झीज कमी होते. अमेरिकेत १९७२ च्या सीजे प्रतिमानांपासून बंद गोलाऐवजी उघडी नकल आली. तीत वंगण स्वतःतच राखणारे सांधे असल्याने गोलाची टाकी व तिच्याबरोबर नमद्याची गळतीही संपली. इतरत्र मात्र बंद गोल टिकला. १९४८ मध्ये अवतरलेल्या लँड रोव्हरच्या परंपरेतील डिफेंडर गाडीत तो २०१६ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत होता. भारतात १९८५ पासून विकल्या गेलेल्या मारुती जिप्सीतही तो आढळतो. चिखल व दगड यांपासून सांध्याचे संरक्षण हा त्याचा गुण नाकारता येत नाही.

भारतात १५ वर्षांपेक्षा जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले. त्यामुळे ज्या कार्यालयांनी जीप खेड्यांत नेली, त्यांच्या आवारांतून ती निघून गेली. दुसरीकडे, २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात मोठा फेरफार न झालेल्या वाहनांची वेगळी नोंदणी करता येते. हरियाणातील मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जुन्या जीप नव्याने बांधण्याचा व्यवसाय चालतो, पण तेथे मूळ आसाऐवजी सोयीचा आस बसविण्याचा मार्ग सहज उपलब्ध असतो. मूळ तुंबे दुरुस्त करून राखणे हा त्याहून कष्टाचा मार्ग होय. तो पत्करावयाचा, तर ब्रीदर, धारवे, पृष्ठभाग आणि शेवटी रोधक या क्रमाने पाहण्याची सवय हवी. लष्करी पुस्तिकेतून निघून गॅरेजांतील मिस्त्रींच्या हाती आलेले हे ज्ञान बव्हंशी तोंडीच चालत आले आहे. जुन्या गाड्यांबरोबर ते लोप पावू नये यासाठी त्याची नोंद होणे आवश्यक आहे.